ज्या पाण्याला वाट नाही : लोणारचा खार आणि आपला व्यापार

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या एखाद्या चहाच्या हॉटेलात जाऊन पाणी तापविण्याचे जुने पातेले आतून पाहावे. तळाला पांढरा, खरखरीत थर बसलेला दिसेल. हॉटेलवाल्याने पातेल्यात चुना टाकलेला नसतो. रोज पाणी ओतले, रोज त्याची वाफ झाली आणि पाण्याबरोबर आलेले चुना व क्षार तेवढे तळाला राहिले. वर्षभरात त्याचा जाड थर बनतो.

निसर्गातही अशी मोठमोठी पातेली आहेत. त्यांत चारी बाजूंनी पाणी येते, पण बाहेर जायला वाट नसते. अशा ठिकाणची नदी समुद्राला मिळत नाही, एखाद्या सरोवरात जाऊन संपते. सूर्य पाणी उडवून नेतो आणि क्षार मागे ठेवतो. मृत समुद्र, कास्पियन, अरल, इराणमधील उर्मिया, तुर्कस्तानातील तुझ सरोवर, राजस्थानातील सांभर आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार ही सर्व याच जातीची.

हा विषय भूगोलाच्या पुस्तकातला आहे, त्याचे व्यापाराच्या पानावर काय काम, असे कोणी विचारील. परंतु साबण, काचेची बांगडी, रंगाई, पापड आणि कातडी या पाचही धंद्यांना लागणारा क्षार शतकानुशतके अशाच ठिकाणांहून येत होता. तो धंदा कसा चालला, कसा बसला आणि त्यातून आज आपण काय घ्यावे, याचा हा आढावा.

धाराशिवचे पाणी कोठे जाते?

प्रथम आपला जिल्हा पाहू. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या माथ्यावर आणि उतारावर वसलेला आहे. येथे पडलेल्या पावसाची दोन वाटण्या होतात. मांजरा आणि तेरणा यांचे पाणी गोदावरीला जाते. परंड्याकडील सीना आणि नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी यांचे पाणी भीमेला व पुढे कृष्णेला मिळते. दोन्ही वाटा शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतात.

म्हणजे आपल्या जिल्ह्यात खारे सरोवर नाही, आणि त्याचे कारण एवढेच की येथील पाण्याला वाट आहे. आपल्याकडील दगड काळा बेसाल्ट, लोणारचा दगडही तोच. दोन्हीकडे मोसमी पाऊसच पडतो. आपल्या दगडातून निघालेला क्षार नदीबरोबर शेकडो मैल वाहून समुद्रात जातो. लोणारचा क्षार लोणारातच राहतो. दगड एक, पाऊस एक, फरक फक्त वाटेचा!

लोणारचे पातेले

लोणारचा खड्डा उल्केच्या आघाताने पडलेला आहे. काठापासून काठापर्यंत त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर असून खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. हा आघात सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी झाला असे पूर्वी मानले जाई. नंतरच्या मोजणीत त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. बेसाल्ट दगडात पडलेला आणि इतका चांगला टिकून राहिलेला असा खड्डा जगात क्वचितच सापडतो. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. परंतु येथील खाराची ख्याती त्याहून फार जुनी आहे.

या खड्ड्यात उतारावरचे पावसाचे पाणी येते आणि धारेसारखे गोड्या पाण्याचे झरेही येतात. बाहेर पडणारा ओढा मात्र एकही नाही. पावसाचे पाणी हवेतील कर्बवायू घेऊन दगडावर पडते आणि दगडातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडे थोडे विरघळवून आणते. पाणी आटू लागले की कॅल्शियम आधी चुनखडीच्या रूपाने तळाला बसतो. सोडियम पाण्यातच राहतो आणि शेवटी त्याचा सोडा तयार होतो. त्याबरोबर साध्या मिठाचा अंशही असतो. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे. म्हणून ते पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर आणि उथळ भागात खाराचे थर जमत. मजूर ते गोळा करून वाळवीत आणि प्रतवारी लावीत. डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची बाजारातील नावे होती. ज्यात मिठाचा अंश अधिक त्याचा भाव वेगळा, ज्यात सोडा शुद्ध त्याचा वेगळा. प्रयोगशाळा नव्हती, तरी जाणता व्यापारी खडा हातात घेऊन, जिभेला लावून प्रत सांगू शके.

खार कोणाच्या कामाचा?

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ तेथे मिळतात आणि त्यांपासून सरकारला जकातीचे चांगले उत्पन्न होते, अशा आशयाची ही नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बादशाही दप्तराला या खड्ड्याची दखल घ्यावीशी वाटली ती त्याच्या मालामुळे.

काच आणि साबण ही जोडी सहज आलेली नाही. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १,७०० अंश उष्णता लागते. लाकडाच्या भट्टीला ते शक्य नाही. वाळूत सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी उष्णतेवर वितळते. मग चुन्याचा अंश असला की काच पाण्याला टिकते. मनिहारांच्या हातातील बांगडीचे मूळ असे या खारात आहे. फिरोजाबादकडील जुने कारागीर याच कामासाठी उसर जमिनीवर फुलणारी 'रेह' वापरीत. तीही वाट न मिळालेल्या पाण्याने जमिनीवर आणून ठेवलेला क्षारच होय.

साबणाचेही तसेच आहे. तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार एकत्र शिजले की साबण होतो. जुने साबणवाले सोड्यात चुना मिसळून त्याची तीव्रता वाढवीत. रंगरेज सुती कापड रंगविण्यापूर्वी त्यातील तेलकटपणा काढण्यास खार वापरीत, धोबी कपडे भट्टीला लावताना वापरीत. घरोघरी उडदाच्या पिठात पापडखार पडे.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल. क्षाराला इंग्रजीत 'अल्कली' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल्-कली' वरून आलेला आहे. खारट जमिनीतील झुडपे जाळून केलेल्या राखेला अरब कारागीर या नावाने ओळखत. इजिप्तमधील वादी नत्रून या खाऱ्या तळ्यांच्या खोऱ्यातील 'नत्रून' काचवाले प्राचीन काळापासून वापरीत. त्याच शब्दावरून सोडियमला रसायनशास्त्रात 'एनए' ही खूण मिळाली. जगाच्या रसायन उद्योगाचे पहिले शब्द अशा वाट नसलेल्या पाण्याच्या काठी तयार झाले.

धंदा कसा बसला?

लोणार आणि आपला जिल्हा यांचा राजकीय इतिहासही एकदा एका कागदावर आला होता. १८५३ च्या तहाने निजाम सरकारने वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे सोपविला. १८६० मध्ये आपला मुलूख निजामाकडे परत आला, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले आणि त्याबरोबर लोणारचा खारही. तो काढण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई.

पण मक्तेदाराचे खरे नुकसान तहाने केले नाही, दूरच्या कारखान्याने केले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या लेब्लाँने साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती शोधली. १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या साह्याने अधिक स्वस्त कृती काढली. या कृतीत अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो, त्यामुळे खर्च उतरला. पिशवी पिशवीगणिक एकच प्रत असलेला पांढरा सोडा बंदरात येऊन पडू लागला. पुढे काठेवाडात ध्रांगध्रा येथे आणि १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सच्या मिठापूर येथील कारखान्यात तो देशातच होऊ लागला.

लोणारचा खार या स्पर्धेत टिकणे कठीण होते. त्याची प्रत पावसावर अवलंबून. पाऊस जास्त झाला तर खार जमत नाही, दुष्काळ पडला तर भरपूर जमतो पण मजुरांचे हाल होतात. खड्ड्यातून माल वर चढवायचा, बैलगाडीने लांबच्या पेठेत न्यायचा. भट्टीवाल्याला आज एक प्रत आणि उद्या दुसरी प्रत मिळाली की त्याची सगळी काच बिघडे. सारखी प्रत आणि वेळेवर पुरवठा, या दोन गोष्टींवर कारखान्याचा सोडा जिंकला.

येथे एक नोंद करण्यासारखी आहे. कारखान्याने सोडा शून्यातून निर्माण केलेला नाही. समुद्राचे किंवा जमिनीखालचे मीठ घेऊन लोणारला लाखो वर्षे लागलेले काम त्याने काही तासांत उरकले.

तरीही निसर्गाची पातेली बाजारातून पूर्णपणे उठली असे समजू नये. केनियातील मगादी सरोवरावर १९११ पासून सोड्याची कंपनी चालत आली आहे. २००५ च्या अखेरीस टाटा केमिकल्सने ब्रिटनची ब्रुनर माँड कंपनी घेतली, तेव्हा मगादीही तिच्याकडे आले. २००८ मध्ये तिने अमेरिकेतील वायोमिंगच्या सोडा खाणीही घेतल्या. या खाणींतील सोडा म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या एका सरोवराचा तळ आहे. लोणारची मक्तेदारी गेली, पण ज्यांच्याकडे भांडवल, वाहतूक आणि प्रतवारीची शिस्त होती त्यांचा तोच धंदा दुसऱ्या खंडात चालू राहिला.

लोणारातून आज खार काढता येत नाही. सरोवर आणि त्याचा परिसर २००० मध्ये अभयारण्य जाहीर झाला आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पाणी घटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्यानंतरच्या चांगल्या पावसाच्या वर्षांत पाण्याची पातळी वाढली. ज्या पाण्याला वाट नसते त्याचा हिशेब असा हलता असतो. आवक थोडी बदलली की सगळे सरोवर बदलते.

तेव्हा 'अस्सल लोणारचा खार' म्हणून कोणी माल आणून देऊ लागला तर घेणाऱ्याने दोनदा विचार करावा. तसेच कपडे धुण्याचा किंवा कारखान्याचा सोडा पापडखार म्हणून विकणे हा सरळ सरळ ग्राहकाच्या जिवाशी खेळ आहे. खाण्याचा माल खाण्याच्या प्रतीचाच असावा, आणि त्याचे बिल जपून ठेवावे.

सांभर आणि अरल : दोन इशारे

राजस्थानातील सांभर हे देशातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर. जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून इंग्रजांनी १८७० च्या सुमारास ते भाडेपट्ट्याने घेतले आणि मिठाचा मोठा धंदा उभा केला. १९६४ पासून सांभर सॉल्ट्स ही सरकारी कंपनी तेथे काम करते. सरोवराला पाणी आणणाऱ्या मेंढा, रूपनगढ यांसारख्या नद्यांवर वरच्या बाजूला बांध झाले, आवक घटली. बेकायदा बोअर घेऊन जमिनीखालचे खारे पाणी उपसण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे हजारो पक्षी मेले, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले.

दुसरा इशारा मध्य आशियातला आहे. समरकंद, बुखाऱ्याच्या मुलखातून वाहणाऱ्या आमू आणि सीर या नद्या अरल समुद्राला मिळत. १९६० मध्ये अरल हे जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. कापसाच्या शेतीसाठी सोव्हिएत सरकारने दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांनी वळविले. पन्नास वर्षांच्या आत सरोवर मूळ क्षेत्राच्या दशांशाच्या आसपास उरले. मोयनाक हे मासेमारीचे बंदर होते. तेथील कोळी, मासळी डबाबंद करणारे कामगार, नावा बांधणारे सुतार या सर्वांचा धंदा बुडाला आणि नावा वाळूत रुतून गंजल्या. उघड्या पडलेल्या तळावरील मीठ आणि शेतीची औषधे वाऱ्याने उडून गावांवर पडू लागली. २००५ मध्ये कझाकस्तानने कोक-अरल बंधारा पुरा केला, तेव्हा उत्तरेकडील लहान भागात पाणी वाढले आणि मासे परतले. मोठा भाग मात्र परत आला नाही.

कापूस कोणी पिकविला आणि नाव कोणाची रुतली, हे पाहिले म्हणजे ध्यानात येते की वाट नसलेल्या खोऱ्यात एकाच्या नफ्याची किंमत दुसऱ्या टोकाला कोणाला तरी भरावी लागते. तेथे नुकसान वाहून जात नाही.

आपल्या दारातील लोणार

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे. मटणाबरोबर तिच्या कातड्याचाही व्यापार आहे. बकरी ईदच्या दिवसांत कातडी एकाच वेळी मोठ्या संख्येने येतात आणि ती टिकविण्याचा स्वस्त उपाय एकच, जाडे मीठ. ओल्या कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मीठ लागते. हे मीठ पुढे जाते कोठे? कातडे झटकले, धुतले की ते गोदामाच्या मागच्या खड्ड्यात जाते. पावसाळ्यात तेथून जमिनीत मुरते आणि शेजारच्या विहिरीत उतरते. विहिरीचे पाणी आपण पुन्हा उपसतो, वापरतो आणि पुन्हा त्याच खड्ड्यात सोडतो. नदी समुद्राला मिळते हे खरे, पण दुष्काळी वर्षांत आपले ओढे वाहतच नाहीत. त्या वर्षांपुरता तो खड्डा आणि ती विहीर मिळून एक लहानसे लोणारच होते. फरक इतकाच की त्यातून काढून विकण्याजोगा खार कधी निघत नाही.

हीच गोष्ट रंगाईच्या आणि साबणाच्या लहान कारखान्यांची आहे. रंग चढविताना मीठ आणि सोडा दोन्ही लागतात व ते बहुतेक सगळे पाण्यातच उरतात. शेतीतही पाण्याला निचरा नसला की जमीन क्षारपड आणि चोपण होते. उसाला वर्षानुवर्षे कालव्याचे पाणी देणाऱ्या भागांतील शेतकऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही.

तामिळनाडूतील वेल्लोर, आंबूर, वाणियंबाडी या पट्ट्यात चामड्याचा मोठा व्यवसाय आहे आणि त्यात मुस्लिम कारखानदारांची संख्या लक्षणीय आहे. पालार नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. टॅनरींचे खारे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरले, विहिरी आणि शेते खराब झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९९६ च्या निकालाने तेथील प्रत्येक टॅनरीवर दहा हजार रुपये प्रदूषण दंड बसला आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा उभारल्याशिवाय कारखाना चालविता येणार नाही असे ठरले. मोठ्यांनी यंत्रणा उभारली, लहानांना ती परवडणे कठीण झाले. पाण्याचा हिशेब वेळेवर न ठेवण्याचा दंड शेवटी लहान कारागिरालाच अधिक जाचतो.

करता येण्याजोगे काही

मोठ्या खर्चाची वाट पाहण्याची गरज नाही. कातड्याच्या व्यापाऱ्याने मीठ लावण्याचे व झटकण्याचे काम छपराखाली, सिमेंटच्या फरशीवर करावे. कातडे धुण्यापूर्वी कोरडे झटकले की बरेचसे मीठ हातात परत मिळते, ते पाण्यात जात नाही. असे मीठ स्वच्छ असेल तर पुन्हा वापरता येते, म्हणजे खर्चही वाचतो. रंगाईवाल्याने मीठ आणि सोडा अंदाजाने मूठभर न टाकता तोलून टाकावा. जेथे पाच-सहा लहान कारखाने एकाच गल्लीत आहेत तेथे पाण्याचा एकच पक्का हौद एकत्रितपणे बांधावा. आपल्या विहिरीचे वा बोअरचे पाणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. दोन-तीन वर्षांत आकडा चढतो आहे असे दिसले तर ती धोक्याची सूचना समजावी.

व्यापाऱ्याला जमाखर्च शिकवावा लागत नाही. वहीत जमेची बाजू रोज भरत गेली आणि नावेची बाजू कोरी राहिली तर तो लगेच सावध होतो, कारण अशा वहीत कोठेतरी चूक असते. ज्या पाण्याला वाट नाही त्याच्या वहीत क्षाराची जमा तेवढी होते. लोणारला ती जमा लाखो वर्षे होत राहिली आणि कारागिरांच्या कामी आली. आपल्या विहिरीत ती पंधरा-वीस वर्षांत होते, आणि तिचे गिऱ्हाईक आपण स्वतःच असतो.